पोच

तहसीलच्या खिडकीवर माझ्यापुढं एक म्हातारबा उभे होते. धोतर, डोईला रुमाल, हातात बी-बियाणांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी कागद काढला, कठड्यावर ठेवून तळहातानं घड्या दाबल्या आणि आत सरकवला. सातबारा संगणकावर चढवताना वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त करून हवं होतं. खिडकीतल्या माणसानं अर्धा कागद वाचला. "जुना फेरफार कुठंय? तो जोडून आणा." कागद बाहेर आला. सगळं मिळून मिनिटभराचं काम. म्हातारबांनी होत्या त्याच घड्यांवर कागद मोडला, पिशवीत ठेवला आणि बाजूला झाले.

मी मागून जाऊन त्यांना गाठलं. ही तिसरी खेप होती. पहिल्या वेळी आधारची झेरॉक्स नव्हती, दुसऱ्या वेळी साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बसले होते. "बाबा, अर्ज देऊन पोच का घेत नाही?" मी विचारलं. मी भलतंच काही सुचवतोय असं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोच कामून मागू? मागितली की म्हनतेत, आमच्यावर इस्वास न्हाई का. मग काम ऱ्हातंय तसंच."

गावाहून तीनदा एसटीनं आलेला हा माणूस सरकारी दप्तराच्या हिशेबानं तहसिलात एकदाही आलेला नाही. आवक बारनिशीत त्याची ओळ नाही, कुठल्या फाइलीत त्याचा कागद नाही, कुणाच्या टेबलावर त्याचं काम ‘प्रलंबित’ नाही. उद्या जिल्हाधिकाऱ्यांनी आढावा घेतला तर हे कार्यालय स्वच्छच दिसणार.

नियमांचा जाच फार झाला, असं चहाच्या टपरीपासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळे म्हणतात. नियम कमी करा, प्रक्रिया सोपी करा, खिडकी एक करा. मला हे निदान मराठवाड्यापुरतं तरी पटत नाही. गेली वीसेक वर्षं मी शाळा सुटल्यावर लोकांचे अर्ज लिहून देतो, कधी त्यांच्यासोबत कचेरीत जातो. माझ्या बघण्यात लिहिलेल्या नियमानं माणूस अडला असं क्वचित घडतं. तो अडतो तो न लिहिलेल्या नियमानं, आणि त्याहून जास्त अडतो तो अर्ज आत जाण्याच्या आधीच. पुस्तकातली सगळी कलमं खिडकीच्या आतल्या बाजूला लागू होतात, बाहेरच्या बाजूला राज्य चालतं ते तोंडी.

आत काय काय आहे ते बघा. २००५ सालचा एक कायदा आहे, बोलीत त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. खरं नाव इतकं लांब आहे की ते वाचण्यातच थोडी दिरंगाई होते. तो सांगतो की कुठल्याही कर्मचाऱ्याकडं फाइल साधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, विचारायचं असेल तर तीन महिन्यांत. माहितीचा अधिकार ३० दिवसांची मुदत देतो. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम तर प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवस ठरवून देतो, पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग अशी उतरंड देतो आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडही सांगतो. याच कायद्यात अर्जाची पोच द्यावी, तीवर क्रमांक आणि तारीख असावी, नाकारलं तर कारण लेखी कळवावं, हेही आहे. दोष काढायला जागा फार थोडी. मात्र या सगळ्या मुदती मोजायच्या कधीपासून? अर्ज मिळाल्यापासून. सेवा हक्क कायद्यात तर ‘परिपूर्ण’ अर्ज मिळाल्यापासून. तो एक शब्द मला नेहमी खुपतो. अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरवतो खिडकीतला माणूस, तेही तोंडी, तेही एका वेळी एकच त्रुटी सांगून.

जमिनीच्या बाबतीत तर कायद्यानं कमाल केली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचं कलम १४९ म्हणतं की जमिनीवर हक्क मिळालेल्या माणसानं तीन महिन्यांत तलाठ्याला खबर द्यावी, तोंडी किंवा लेखी, आणि तलाठ्यानं लगेच त्याची लेखी पोच द्यावी. नीट वाचा. खबर तोंडी चालेल, पोच मात्र लेखीच. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला गाव माहीत होतं. अडाणी माणूस कागद आणणार नाही, पण कचेरीकडं कागद असतो, तेव्हा लिहिण्याचा भार कचेरीवर. पुढच्या कलमात, नोंदीवर हरकत घेणाऱ्यालाही तशीच लेखी पोच आहे. साठ वर्षं झाली. आमच्या भागात तोंडी खबरीला लेखी पोच मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

वडील गेल्यावर मी स्वतः वारस नोंदीसाठी गेलो होतो. कलम पाठ होतं, तोराही होता. तलाठी तरुण होता, भला होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, कलम बरोबर आहे. पण पावतीपुस्तक आलंच नाही तर पोच कशावर देऊ?" शेवटी त्यानं माझ्याच अर्जाच्या झेरॉक्सवर निळ्या पेननं ‘मिळाला’ लिहिलं, खाली सही आणि तारीख. दोन महिन्यांनी त्याची बदली झाली. नवा आला, कपाट उघडून म्हणाला, माझ्याकडं चार्जमध्ये असं काही आलेलं नाही. मी ती झेरॉक्स पुढं केली. त्या एका शब्दावर फेर ओढला गेला. तो शब्द नसता तर मी दोन महिने आधी तिथं गेलो होतो हे कुणी मानलं असतं? मीच कदाचित मानलं नसतं. आता वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो आणि क्रमांक मिळतो, ही मोठी सोय झाली. ऑनलाइनचं पुढं बोलूच.

कारकुनाची बाजू मला कळते. माझा एक विद्यार्थी महसुलात आहे. तो म्हणतो, सर, तुम्हाला वाटतं आम्ही माज करतो. पदं रिकामी आहेत, एकेका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे तलाठ्याकडं, दोन-तीन सजे आहेत, त्यात निवडणुकीचं काम, पंचनाम्याचं काम, आणि दर आठवड्याला वरून एकच प्रश्न येतो: पेंडन्सी किती? अर्धवट अर्ज घेतला तर तो माझ्या नावावर चढतो. कागद पुरे होईपर्यंत त्याचे दिवस मोजले जातात, बोलणी मी खातो. परत पाठवला तर काही मोजलंच जात नाही.

दुखणं नेमकं इथं आहे. आपण प्रलंबित कामं मोजतो, परत पाठवलेली माणसं मोजत नाही. झिरो पेंडन्सीचा आग्रह धरला की पेंडन्सी झिरो करण्याचे दोन रस्ते उरतात: काम उरकणं, किंवा काम आत येऊच न देणं. दुसरा स्वस्त आहे. यात कुणी वाईट असावं लागत नाही, आढाव्याचा तक्ताच तसा आहे. १९८० च्या दशकात शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी दप्तर लावण्याची, फाइल हुडकण्याची आणि अभ्यागताला उत्तर देण्याची जी घडी घातली तिला आजही लखिना पॅटर्न म्हणतात. जुनी अव्वल कारकून मंडळी अजून त्याची आठवण काढतात. दप्तर कसं लावावं हे आपल्याला कधीच शिकवलं गेलंय. ते दप्तरात यावं कसं, तिथं आपण मागं राहिलो.

बाजारात बघा. लातूरच्या आडतीत सोयाबीन घातलं की हातात पट्टी येते. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी गेली की वजनाची पावती येते. एसटीत कंडक्टर जवळच्या थांब्याचंही तिकीट फाडतो. काट्याबद्दल, आडतीबद्दल शेतकऱ्याच्या शंभर तक्रारी असतील, पण पट्टी मागितली म्हणून आडत्या ‘विश्वास नाही का’ म्हणत नाही. विश्वासाचा प्रश्न फक्त सरकारी खिडकीवरच निघतो. मराठीत ‘पोच’ म्हणजे पावती आणि ‘पोच’ म्हणजे समजही. ‘त्याला काही पोच नाही’ असं आपण म्हणतो. कचेरीत दोन्ही एकदमच मागावे लागतात.

आमच्या आईच्या पिढीला पोचेची किंमत वेगळ्या तऱ्हेनं कळली होती. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मस्टरवर नाव आहे का हे ती रोज संध्याकाळी मुकादमाला विचारायची. वाचता येत नव्हतं, पण वहीत आपली ओळ कुठं आहे ती जागा तिनं डोळ्यानं धरून ठेवली होती. त्या दुष्काळातून, तेव्हाचे विधान परिषद सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून, महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राच्या कायद्यानं ती देशभर गेली. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेरोजगार भत्ता. हा त्या कायद्याचा कणा होता. मागणीचा अर्ज नमुना ४ वर आणि त्याची तारखेसह पोच नमुना ५ वर. भत्ता मागायचा तर नमुना ५ लागायचाच, कारण पंधरा दिवस त्या तारखेपासून. आणि म्हणूनच नमुना ५ देणं शक्यतो टाळलं जायचं. बाया काम मागायला ग्रामपंचायतीत यायच्या, रोजगार सेवक म्हणायचा, काम निघालं की सांगतो. काम मागितलंच नाही तर नाकारलं कुठं? एवढा मोठा हक्क, आणि तो उभा कशावर? तळहाताएवढ्या चिठोऱ्यावर.

पोलीस ठाण्याबद्दल फार लिहीत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. तरी ‘अर्ज देऊन जा, चौकशी करतो’ हे वाक्य प्रत्येकानं ऐकलेलं आहे.

काही मित्र म्हणतात, तू नियमांची फारच बाजू घेतोस, आणि नियम काय कमी दुष्ट असतात? असतात. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर अतिवृष्टी. मापक एका गावात आणि ढग फुटला दुसऱ्या शिवारात, तरी आकडा मापकाचाच. शेतकरी आत्महत्येचा शासन निर्णय तर वाचवत नाही. कुटुंबाच्या नावावर जमीन हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, नापिकी हवी, वसुलीचा तगादा हवा. मग एक लाख, त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. बीड, धाराशिवच्या बैठकांच्या इतिवृत्तांत मेलेल्या माणसाच्या नावापुढं ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहिलं जातं. मला हा नियम क्रूर वाटतो. पण तो लिहिलेला आहे म्हणून तर मला तो क्रूर आहे हे सांगता येतं. बिनपरवाना सावकाराचं कर्ज हे कर्ज नव्हे का, हा प्रश्न विधिमंडळात विचारता येतो. ६५ चा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ आहे, म्हणून त्याच्यावर मोर्चे निघतात. तोंडी नियमाची नक्कल मिळत नाही. त्यावर अपील होत नाही, लक्षवेधी लागत नाही, त्याला कुणी बापच नसतो.

‘बॉण्ड’चंच घ्या. कायद्यानं सक्ती नसेल तिथं प्रतिज्ञापत्र मागू नये, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालेल, असं शासनानं ९ मार्च २०१५ ला लिहून दिलं. जिथं प्रतिज्ञापत्र लागतंच, तिथं कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरी लोक शंभराचा बॉण्ड घेत राहिले, २०२४ मध्ये शंभराचे पाचशे झाले तेव्हा पाचशेचा घेऊ लागले, आणि २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांना हा मुद्रांक लागत नाही हे नव्यानं जाहीर करावं लागलं. वीस वर्षं बॉण्ड मागत कोण होतं? कागदोपत्री कुणीच नाही. एकाही कार्यालयानं ‘बॉण्ड आणा’ असं लिहून दिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आलं असतं.

या तोंडी राज्यात पोट भरतं ते मधल्या माणसाचं. अर्ज आत घालून देणं हीच त्याची सेवा. गरीब त्याला पैसे देतो, जरा वजनदार माणूस पुढाऱ्याला गाठतो. मी एका पालकासोबत देवगिरी एक्सप्रेसनं रात्र काढून मंत्रालयात गेलोय. दिवसभर पासाच्या रांगेत, मग दालनाबाहेर. संध्याकाळी मंत्रिमहोदयांनी अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारला: ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ पालकाला केवढा आनंद! परतीच्या गाडीत तो कागद मी तीनदा वाचला. नियमानुसार कार्यवाही तर आधीच व्हायची होती. मंत्र्यांच्या सहीनं मिळाली ती फक्त पोच. ज्यांना तेवढंही जमत नाही ते दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारतात, ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जाचं काय झालं?’ किंवा रजिस्टर ए.डी. करायचे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. आणि अगदीच पेटलेला माणूस औरंगाबाद खंडपीठात याचिका करतो, मागणी एवढीच की अर्जावर निर्णय घ्यावा, कुठलाही घ्यावा. वकील पहिलं काय विचारतो? पोचेची प्रत आहे का.

ऑनलाइन आल्यानं हे मिटलं असं मला वाटत होतं. थोडं मिटलं, खरं. सेवा केंद्रातून टोकन नंबर मिळतो, मोबाइलवर मेसेज येतो. पण संकेतस्थळाचं एक आहे, लाल फुलीचा रकाना भरल्याशिवाय ते पुढं जाऊच देत नाही, आणि जो पुढं गेला नाही तो कुठं नोंदलाही जात नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. नवरा नाही, बाप नाही, अशा बाईनं तिथं काय भरायचं? ओरड झाली आणि सरकारला त्यांच्यासाठी वेगळी सोय काढावी लागली. ही योजना घरोघरी होती म्हणून ओरड झाली. लहानसहान सेवांच्या रकान्यांत किती जण अडून माघारी गेले याची नोंद संगणकाकडंही नाही. खिडकीतला माणूस निदान ‘परत या’ तरी म्हणायचा.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना नोंद नसण्याची किंमत सांगावी लागू नये. २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा अभिलेख कक्षांतली मोडी आणि उर्दू बाडं बाहेर निघाली, वाचणारे शोधावे लागले. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. त्या दिवसांत मी एवढंच बघितलं की शिकलेली, कमावती माणसं पणजोबांच्या नावाची एक ओळ सापडते का म्हणून तहसिलाच्या पायऱ्यांवर बसली होती. कुणा कारकुनानं कधीकाळी लिहिली असेल तर आहे, नसेल तर नाही. ‘अर्ज’ हा शब्द आपल्याकडं अरबी-फारसीतून, दरबारातून आला. अर्ज म्हणजे विनवणी. ‘पोच’ मात्र आपल्या ‘पोचणे’तून आलेली, तिच्यात विनवणी नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, दर १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो. खिडकीवर मात्र अजून पहिलाच शब्द चालतो.

मागणी माझी फार नाही. आलेला कागद घ्यायचाच, मग तो अर्धा असो, चुकीच्या कार्यालयात आलेला असो की पेन्सिलीनं लिहिलेला. त्यावर क्रमांक घालायचा. त्रुटी असतील तर सात दिवसांत, सगळ्या एकदम, लिहून, सहीनिशी. आठव्या दिवसानंतर नवी त्रुटी काढायची नाही. आणि आढाव्याच्या तक्त्यात पेंडन्सीच्या शेजारी आणखी एक रकाना: या महिन्यात किती अर्ज त्रुटीसाठी परत केले. एवढ्यानं माझ्या विद्यार्थ्याचीही सुटका होईल, कारण मग दिवस त्रुटीपत्रावर थांबतील, त्याच्या डोक्यावर नाही. पावतीपुस्तक छापायला कुठल्या विधेयकाची गरज नाही. रिकामटेकडे लोक अर्जांचा पाऊस पाडतील, असा आक्षेप येतो. पाडतील. प्रत्येक तालुक्यात असे चार असामी असतात, मला त्यांची नावंही माहीत आहेत. त्यांच्या दहाव्या अर्जालाही नंबर द्या आणि ‘याआधी निकाली’ एवढं एका ओळीत लिहून निपटवा. चार जणांच्या भयानं चार हजारांना खिडकीबाहेर ठेवणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

त्या दिवशी म्हातारबांना घेऊन मी समोरच्या दुकानात अर्जाची दुसरी प्रत काढली आणि आम्ही परत खिडकीवर गेलो. "जुना फेरफार नंतर जोडतो, एवढा अर्ज ठेवून घ्या आणि यावर शिक्का द्या," मी म्हणालो. खिडकीतल्या माणसानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. खण ओढून शिक्का शोधला. शाईचं पॅड वाळलेलं होतं, त्यानं शिक्क्यावर तोंडानं वाफ सोडली आणि जोर लावून दाबला. अर्धाच उमटला. खाली क्रमांक लिहिला, तारीख टाकली, सही केली. बोलला काही नाही.

म्हातारबांनी तो कागद पिशवीत ठेवला नाही. बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, मग परत काढून माझ्यापुढं धरला.

"तारीख कोन्ती टाकली?"

"आजची."

"म्हंजी आजपून धरायचं?"

"हो."

"आन् आधीच्या दोन खेपा?"